खोकला नसलेल्या क्षयरुग्णाचे दिवस मोजा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
आणि क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाचे राज्य व जिल्हा पातळीवरील अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : प्रौढांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग, त्याच्या निदानाला होणारा उशीर आणि नंतरचे उपचार

महोदय, महोदया,

गावोगावच्या आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या’ असे रंगवलेले असते. त्या एका वाक्याने असंख्य माणसे वेळेवर उपचारांना लागली. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात उचलून नेता येणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत गेली, तेही चांगलेच झाले. पण २०२५ अखेर क्षयरोग संपवण्याची मुदत उलटून गेली, तरी एका रुग्णाला या यंत्रणेत अजून जागा सापडलेली नाही. त्याला बहुधा खोकला नसतो. थुंकी द्या म्हटले तर येत नाही. छातीचा एक्स-रे निम्म्याच्या आसपास रुग्णांत साफ निघतो. त्याचे फक्त डोके दुखत असते. दोन-तीन आठवडे दुखते, आणि एका सकाळी तो घरच्यांनाच ओळखत नाही.

हे पत्र त्याच्यासाठी आहे. लिहिणारे आम्ही मेडिसिनच्या वॉर्डांत, प्रयोगशाळांत आणि फिजिओथेरपी विभागांत काम करणारे लोक आहोत. या आजाराच्या मृत्यूच्या दाखल्यांवर आमच्या सह्या असतात. जे वाचतात त्यांना चमचा पुन्हा हातात धरायला शिकवण्याचे कामही आमच्याकडेच येते. म्हणून गप्प बसणे आता जमत नाही.

आधी आकाराची कल्पना यावी. एकूण क्षयरुग्णांत मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग शंभरात एक ते पाच जणांना होतो. महाराष्ट्रात दरवर्षी दोन लाखांहून जास्त क्षयरुग्णांची नोंद होते. शंभरात एकच धरला तरी वर्षाला दोन हजारांवर माणसे होतात. क्षयरोगाच्या सगळ्या प्रकारांत हा सर्वांत जीवघेणा. उपचार चालू असूनही एचआयव्ही नसलेल्या प्रौढांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास दगावतात, एचआयव्ही असेल तर निम्म्याहून अधिक. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण लुळेपण, अंधत्व, बहिरेपण, फिट्स किंवा गेलेली स्मरणशक्ती घेऊन घरी जातात. लहानपणी टोचलेली बीसीजी मुलांना या आजारापासून बऱ्यापैकी वाचवते. मोठेपणी तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

रुग्णाचे पुढे काय होणार हे सर्वांत जास्त एका गोष्टीवर ठरते: पहिली गोळी पोटात जाते तेव्हा तो किती शुद्धीत होता. या आजाराचे तीन टप्पे ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये मांडले, आणि थोड्या फेरफाराने आजही तेच वापरात आहेत. पहिल्या टप्प्यात माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, हातपाय, डोळे, चेहरा ठीक असतो. दुसऱ्यात शुद्ध मोजायच्या ग्लासगो कोमा स्केलवर ११ ते १४ गुण भरतात, किंवा गुण पूर्ण १५ असूनही डोळा तिरळा झालेला असतो, एक बाजू कमजोर पडलेली असते. तिसऱ्यात गुण १० किंवा त्याखाली. पहिल्या टप्प्यात औषधे सुरू झाली तर बहुतेक जण वाचतात आणि कामावरही परततात. तिसऱ्यात निम्म्याच्या आसपास जातात. या दोन टोकांमध्ये बऱ्याचदा आठ-दहा दिवसांचेच अंतर असते. ते दिवस कुठे वाया जातात, ते आता क्रमाने सांगतो.

पहिले तीन आठवडे

सुरुवात अगदी साधी असते. संध्याकाळी बारीक ताप, अंगात कणकण, जेवण नकोसे, चिडचिड, आणि रोज थोडी वाढत जाणारी डोकेदुखी. मग सकाळी उलट्या. मान ताठ होणे हे पुस्तकातले लक्षण या दिवसांत अनेकदा नसतेच, त्यामुळे ‘मान मऊ आहे, मेंदूज्वर नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि माणूस घरी जातो. पुढच्या आठवड्यात एकाचे दोन दिसू लागतात, कारण डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस सर्वांत आधी दबते. बोलणे असंबद्ध होते. माणूस रात्री उठून घरभर फिरतो, कपडे काढून टाकतो, ओळखीच्या माणसाला भलत्याच नावाने हाक मारतो. इथे काही घरांत देवऋषी येतो, काहींत मनोविकाराच्या गोळ्या सुरू होतात.

या तीन आठवड्यांत रुग्ण दोन-चार दवाखाने फिरलेला असतो. केसपेपरवर सायनस, मायग्रेन, पित्त, ‘व्हायरल’ असे शेरे असतात. सर्वांत जास्त नुकसान टायफॉइडच्या शेऱ्याने होते. एकच विडाल तपासणी थोडी वर दिसली की ओफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन सुरू होते. ही औषधे क्षयाच्या जंतूवरही अर्धवट चालतात. चार दिवस बरे वाटते, ताप उतरतो, आणि पुढे पाठीतले पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, जो कमरेत सुई घालून काढतात) तपासले तर कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहताना, तो उगवत नाही. आजार आतल्या आत चालूच राहतो.

क्षयरोग शोधमोहिमेत आशाताई मुख्यतः चार गोष्टी विचारतात: खोकला, ताप, वजन घटणे, रात्रीचा घाम. डोकेदुखीचा प्रश्न नाही. पाच दिवसांहून जास्त टिकलेली आणि वाढत जाणारी डोकेदुखी, जोडीला ताप किंवा उलटी किंवा वागण्यात फरक, एवढा एक प्रश्न त्या यादीत घालायला किती खर्च येतो? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने दोन मिनिटांत करायच्या चार गोष्टीही छापून देता येतील: हनुवटी छातीला टेकते का, बोटाच्या मागे दोन्ही डोळे दोन्ही बाजूंना पूर्ण वळतात का, वारांची नावे उलट्या क्रमाने सांगता येतात का, आणि दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली घसरतो का. यातले एक जरी चुकले तर रुग्ण त्याच दिवशी पुढे गेला पाहिजे.

सुई

पुढे म्हणजे कुठे, हा दुसरा प्रश्न. पाठीतले पाणी काढल्याशिवाय या आजाराच्या निदानाची खरी सुरुवात होत नाही. ते काढायला लागणारे साहित्य एका ट्रेमध्ये मावते: २२ गेजची लांब सुई, जागा बधिर करायचे इंजेक्शन, निर्जंतुक हातमोजे, झाकणाच्या तीन-चार नळ्या. दाब मोजायचा साधा मॅनोमीटर असला तर उत्तम. अनेक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत हा ट्रे तयार नसतो. असला तरी सुई टोचायचा सराव असलेला डॉक्टर त्या पाळीत नसतो. मग ‘सीटी स्कॅनसाठी रेफर’ असे लिहून रुग्ण १०८ मध्ये चढवला जातो.

सीटी आधी करावाच लागतो असे काही रुग्ण नक्की असतात: ज्यांची शुद्ध हरपत चालली आहे, एक बाजू कमजोर आहे, नुकतीच फिट आली आहे, डोळ्याच्या आत सूज दिसते आहे किंवा प्रतिकारशक्ती फार कमी आहे. मेंदूत गाठ असताना पाणी काढले तर धोका असतो. पण शुद्धीवर असलेल्या, हातपाय ठीक असलेल्या माणसाचे पाणी स्कॅनची वाट पाहत दोन दिवस थांबवणे म्हणजे त्याला पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात ढकलणे होय. आणि जिथे स्कॅन लवकर होणारच नाही, तिथे संशय पक्का असेल तर औषधे सुरू करून मग रुग्ण पाठवावा. औषधे स्कॅनसाठी कधीच अडवू नयेत.

नातेवाईकांची भीती ही वेगळी अडचण. ‘पाठीत सुई मारली की माणूस कायमचा अधू होतो’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येते. भीती खोटी आहे, पण तिच्यामागे कारण आहे. या आजारात अधूपण अनेकदा येते, आणि सुई त्याच्या थोडी आधी टोचलेली असते. समजावून सांगायला पाच मिनिटे पुरतात. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधे जाते, तिथे फक्त पाण्यात तरंगणाऱ्या नसांच्या दोऱ्या असतात आणि त्या बाजूला सरकतात. काही जणांचे डोके दोन-तीन दिवस दुखते. हे मराठीत, चित्रासह, एका पानावर छापलेले असले आणि संमतीपत्राबरोबर हातात दिले, तर नकार देऊन रुग्ण घरी नेणाऱ्यांची संख्या नक्की कमी होईल. आज संमतीपत्र अनेकदा इंग्रजीत असते आणि सही फुलीच्या खुणेपाशी होते.

नळीतले एक मिलिलिटर

ही तक्रार आम्ही थोडी सविस्तर मांडणार आहोत. इतर सगळे नीट पार पडूनही निदान इथे निसटते, आणि इथली दुरुस्ती जवळजवळ फुकट आहे.

काढलेले पाणी उजेडात धरले तर बहुधा स्वच्छ किंवा किंचित धुरकट दिसते. एक नळी उभी करून काही तास हलवू नये. कधी कधी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा नाजूक पडदा तरंगताना दिसतो. जंतू सापडण्याची शक्यता त्या पडद्यात सर्वांत जास्त. तपासणीत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, बहुतेक वेळा शेकड्यांत. प्रथिने शंभर मिलिलिटरमागे १०० ते ५०० मिलिग्रॅम. साखर रक्तातल्या साखरेच्या निम्म्याहून कमी. अगदी सुरुवातीला न्यूट्रोफिल पेशी जास्त दिसू शकतात आणि मग साध्या जिवाणूंचा मेंदूज्वर समजून फसगत होते. रक्तातली साखर त्याच वेळी तपासली नाही तर पाण्यातल्या साखरेचा आकडा वाचताच येत नाही, आणि ती तपासलेली नसते असे वारंवार घडते. पेशी तासाभरात फुटू लागतात. नमुना दुपारभर टेबलावर राहिला तर मोजणी कमी येते.

जंतूंचा प्रश्न याहून अवघड. या पाण्यात ते फार थोडे असतात. म्हणून प्रमाण महत्त्वाचे. क्षयाच्या तपासणीसाठी निदान सहा मिलिलिटर, जमल्यास दहा, वेगळ्या निर्जंतुक नळीत हवे. सेंट्रिफ्यूज यंत्रात ते पंधरा मिनिटे जोरात फिरवायचे, वरचे पाणी काढून टाकायचे आणि तळाचा गाळ वापरायचा: थोडा सीबीनॅटला (जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या यंत्राला), थोडा कल्चरला. प्रत्यक्षात प्रयोगशाळेत येते ते काय? रक्ताच्या बाटलीच्या तळाशी एखादे मिलिलिटर, तेही साखर, प्रथिने, पेशी, एडीए (क्षयात वाढणारे एक विकर) आणि टीबी अशा पाच तपासण्यांसाठी. दहा मिलिलिटर काढले तर मेंदू सुकेल असे काही डॉक्टरांनाही वाटते. प्रौढाच्या शरीरात हे पाणी साधारण १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होते. दहा मिलिलिटर अर्ध्या तासात भरून निघतात.

तपासणीच्या मर्यादाही माहीत हव्यात. सूक्ष्मदर्शकाखालच्या साध्या तपासणीत बहुतेक ठिकाणी दहापैकी एक-दोन रुग्णांतच जंतू दिसतो. कल्चरमध्ये पाच-सहांत सापडतो, पण निकाल यायला सहा आठवडे लागू शकतात. सीबीनॅट दोन तासांत उत्तर देते आणि सहा-सात जण पकडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ पासून या पाण्याची पहिली तपासणी म्हणून तिचीच शिफारस केली आहे. २०१७ मध्ये आलेली तिची ‘अल्ट्रा’ आवृत्ती अधिक संवेदनशील आहे. तरीही दहातले तीन-चार निसटतातच. म्हणजे ‘जंतू आढळला नाही’ या रिपोर्टचा अर्थ ‘टीबी नाही’ असा होत नाही. पण वॉर्डात तो तसाच वाचला जातो, आणि चालू केलेली औषधे त्या एका ओळीवर थांबवली जातात. रिपोर्टच्या कागदावर खाली एक वाक्य छापायला हवे: ‘या निकालाने मेंदूच्या आवरणाचा क्षयरोग नाकारता येत नाही.’ जाता जाता दोन तपासण्या विसरू नयेत: प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही, आणि पाण्यातली क्रिप्टोकॉकस बुरशीची. ती बुरशी हुबेहूब असाच आजार देते आणि तिची औषधे पूर्ण वेगळी असतात.

दोन खात्यांच्या मधला रस्ता

प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत एक खाते, वैद्यकीय महाविद्यालय दुसऱ्या खात्याचे. रुग्ण या सीमेवरून जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक चिठ्ठी जाते, तिच्यावर ‘? मेंदूज्वर, पुढील उपचारांसाठी’ एवढेच असते. डोके कधीपासून दुखते, कोणती अँटिबायोटिक किती दिवस झाली, पाणी काढले का, औषधांचा पहिला डोस दिला का, यातले काही नसते. तिथे सगळे पहिल्यापासून सुरू होते. आणि त्याने वाटेत किती दिवस गमावले याचा हिशेब दोन्ही खात्यांपैकी कोणीही ठेवत नाही.

गोळ्या, वजन आणि नळी

औषधे फुप्फुसाच्या क्षयाचीच असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्बुटॉल, चारही एकाच गोळीत. पण मेंदूत सगळी सारखी पोहोचत नाहीत. आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड चांगली पोहोचतात, रिफाम्पिसिन फार थोडे. म्हणून डोस कमी पडणे इथे जास्त महाग पडते. कार्यक्रमाच्या तक्त्याप्रमाणे ३५ ते ४९ किलोला तीन गोळ्या, ५० ते ६४ किलोला चार. बेशुद्ध माणसाला काट्यावर उभे करता येत नाही, खाटेवर वजन करायचे यंत्र नसते, म्हणून केसपेपरवर ‘अंदाजे ४५’ असे लिहिले जाते. माणूस ५२ किलोचा असेल तर त्याला रोज १५० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन कमी मिळते, आणि ही चूक दोन महिने तशीच चालते.

बेशुद्ध माणसाला गोळ्या नाकातल्या नळीतून द्याव्या लागतात. त्या कुटून, पन्नासेक मिलिलिटर पाण्यात कालवून, उपाशीपोटी, लगेच द्यायच्या. नंतर साध्या पाण्याने नळी धुवायची. पेज किंवा दूध तासाभराने. अनेक वॉर्डांत हे काम नातेवाइकांवर येते. सकाळच्या गर्दीत बहीण किंवा आई स्टीलच्या वाटीत चमच्याच्या मागच्या बाजूने गोळ्या चुरते, अर्धी लाल पूड वाटीला चिकटते, उरलेली दुधातच मिसळली जाते. तिला कोणी काही सांगितलेलेच नसते. या कामाला परिचारिका हवी, आणि ती नसेल तर निदान खल-बत्ता, सिरिंज आणि मराठीतली चार वाक्ये.

स्टेरॉइडचा घोळ वेगळाच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनाममधल्या ५४५ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर आले. त्यानंतर ते प्रमाणित उपचारांचा भाग झाले. एचआयव्ही असलेल्यांत मात्र २०२३ च्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही, तिथे निर्णय जपून घ्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णाला पहिल्या आठवड्यात किलोमागे रोज ०.४ मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला ०.३, ०.२, ०.१, आणि पुढचे चार आठवडे गोळ्यांतून रोज ४, ३, २, १ मिलिग्रॅम. पहिल्या टप्प्यात ०.३ पासून सुरू करून सहा आठवडे. पन्नास किलोच्या माणसाला पहिल्या आठवड्यात दिवसाला २० मिलिग्रॅम लागते. औषध अगदी स्वस्त आहे. पण क्षयरोगाच्या गोळ्या एका खिडकीवर मिळतात आणि स्टेरॉइड दुसऱ्या, त्यामुळे दहाव्या दिवशी डिस्चार्ज झाला की स्टेरॉइड एकदम थांबते, नाहीतर तोच डोस तीन महिने चालू राहतो. पहिल्या प्रकारात माणूस पुन्हा बेशुद्ध होऊन परत येतो. दुसऱ्यात साखर वाढते आणि नवे संसर्ग होतात.

रक्तातले सोडियम आणि मेंदूतले पाणी, या दोन गोष्टींवर पहिला पंधरवडा रोज लक्ष हवे. सोडियम खूप रुग्णांत घसरते, आणि ‘पाणी कमी द्या’ ही सवयीची आज्ञा इथे घातक ठरू शकते. शरीरातले पाणी आधीच कमी असेल तर मेंदूच्या आक्रसलेल्या रक्तवाहिन्यांत रक्त गोठते आणि पक्षाघात होतो. अशा रुग्णाला सलाइन लागते, तेही सोडियम एकदम न चढवता. मेंदूच्या तळाशी जमलेल्या चिकट स्रावाने पाण्याची वाट अडली की डोक्यात पाणी साचते. तेव्हा मेंदूचा शल्यविशारद आणि शंट (साचलेले पाणी डोक्यातून बाहेर वळवणारी नळी) त्याच दिवशी लागतो, पुढच्या मंगळवारच्या यादीत नाही.

काविळीबद्दल एक इशारा. औषधांनी यकृताला सूज आली की सगळी औषधे बंद करून तीन आठवडे थांबायचे, हे फुप्फुसाच्या क्षयात एकवेळ चालते. इथे त्या तीन आठवड्यांत माणूस जातो. यकृताला न दुखावणारी औषधे, लिव्होफ्लॉक्सासिन, इथॅम्बुटॉल, अमिकासिन, ताबडतोब सुरू ठेवून मग एकेक मूळ औषध परत आणावे लागते. ही औषधे जिल्ह्याच्या साठ्यात तयार हवीत. औषधरोधक क्षयाचेही तसेच: सहा महिन्यांची नवी गोळ्यांची पद्धत मेंदूच्या क्षयाला लागू नाही, त्याला लांबच्या पद्धतीचीच औषधे लागतात. मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न रोजचा आहे.

‘उपचार पूर्ण’

घरी गेल्यावर फुप्फुसाच्या क्षयाचा सहा महिन्यांचा हिशेब याही रुग्णाला लावला जातो. याला नऊ ते बारा महिने लागतात. जागतिक आरोग्य संघटना बारा सांगते. मुदतवाढीची नोंद कोणी केली नाही तर सहाव्या महिन्यानंतर गोळ्या येणे बंद होते. मार्च २०२४ मध्ये औषधांचा तुटवडा पडून केंद्राने राज्यांना औषधे स्थानिक पातळीवर विकत घ्यायला सांगितले, तेव्हा जे लोक एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरले त्यांत काठी धरून चालणारेही होते.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात काही रुग्णांचे डोके पुन्हा दुखू लागते, स्कॅनमध्ये नव्या गाठी दिसतात. औषधांनी मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेली ती प्रतिक्रिया असू शकते. औषधे बंद न करता तपासून स्टेरॉइड वाढवायचे असते. डिस्चार्ज कार्डावर हे लिहिलेले नसल्यामुळे घरचे ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून सगळेच थांबवतात. इथॅम्बुटॉलने नजर जाऊ शकते. बेशुद्ध माणसाची नजर तपासताच येत नाही, म्हणून शुद्धीवर आल्याच्या पहिल्या दिवसापासून रंग आणि अक्षरे दाखवून पाहायला हवे. फिट्सच्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर रिफाम्पिसिन परिणाम करते, हेही सांगितले जात नाही.

आणि शेवटी क्षयरुग्णांच्या निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद होते: उपचार पूर्ण. ज्याची दृष्टी गेली, ज्याला लघवीची नळी कायमची लागली, ज्याला आपल्या मुलाचे नाव आठवत नाही, त्या सगळ्यांची नोंद हीच, आणि ती यशाच्या टक्केवारीत धरली जाते. आमचा सर्वांत मोठा आक्षेप या रकान्याला आहे. तो भरताना कोणी खोटे लिहीत नाही. रकानाच तेवढा आहे.

आमच्या मागण्या

१. शोधमोहिमेच्या प्रश्नांत आणि भिंतीवरच्या मजकुरात ‘पाच दिवसांहून जास्त वाढती डोकेदुखी, ताप, उलटी, वागण्यात बदल’ हे आजपासून घालावे.

२. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात चोवीस तास पाठीतले पाणी काढता येईल असा ट्रे आणि प्रशिक्षित डॉक्टर असावा. दाखल झाल्यापासून सहा तासांत पाणी काढावे, संशय पक्का असेल तर चोवीस तासांत पहिला डोस द्यावा.

३. क्षयाच्या तपासणीसाठी किमान सहा मिलिलिटरचा लेखी नियम करावा, नमुना फिरवून गाळ वापरण्याची पद्धत सर्व सीबीनॅट केंद्रांना सक्तीची करावी, आणि नकारात्मक रिपोर्टवर वर दिलेले वाक्य छापावे.

४. दोन्ही खात्यांनी मिळून एकच रेफर चिठ्ठी तयार करावी. तीत डोकेदुखीची पहिली तारीख, टप्पा, दिलेली औषधे आणि पहिल्या डोसची वेळ यांचे रकाने असावेत.

५. मेडिसिनच्या वॉर्डात खाटेवर वजन करण्याची सोय, नळीतून औषध देण्याची लेखी पद्धत, आणि क्षयाच्या गोळ्यांबरोबर त्याच खिडकीवर पूर्ण सहा-आठ आठवड्यांचे स्टेरॉइड, आठवड्यानिहाय पाकिटांत.

६. डोक्यात पाणी साचलेल्या रुग्णाचा शंट महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत पूर्वमंजुरीची वाट न पाहता व्हावा, आणि कोणत्या जिल्ह्याने कोणत्या रुग्णालयाला फोन करायचा याची यादी जाहीर करावी.

७. निदानाच्या दिवशीच बारा महिन्यांची नोंद करावी. डिस्चार्जपूर्वी नजर, ऐकणे, चालणे, गिळणे आणि स्मरण तपासून कार्डावर लिहावे, फिजिओथेरपी गावाजवळ मिळावी, आणि अपंगत्वाच्या दाखल्याची प्रक्रिया रुग्णालयातूनच सुरू व्हावी.

८. दर तीन महिन्यांनी जिल्हानिहाय तीन आकडे प्रसिद्ध करावेत: पहिल्या डोकेदुखीपासून पहिल्या डोसपर्यंत गेलेले दिवस, औषधे सुरू होताना असलेला टप्पा, आणि वर्षाअखेर किती जण जिवंत आहेत व किती जण स्वतःच्या पायांनी चालत आहेत. मातामृत्यूची जशी चौकशी होते तशी या आजाराच्या प्रत्येक मृत्यूची व्हावी, दोषी शोधण्यासाठी नव्हे तर दिवस शोधण्यासाठी.

यातल्या पहिल्या चार मागण्यांना नवी इमारत, नवे यंत्र किंवा नवे पद लागत नाही. त्यांच्यावर तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. प्रशिक्षणासाठी, चिठ्ठीच्या मसुद्यासाठी आणि नातेवाइकांना द्यायच्या मराठी पत्रकासाठी आम्ही विनामोबदला वेळ देऊ, बोलावणे यावे.

आपले,
मेंदूच्या आवरणाच्या क्षयरोगाचे रुग्ण सांभाळणारे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट